गावात राहणे आणि गावचे होणे

आपल्या गावात एखादे नवे बिऱ्हाड आले की पहिल्या आठवड्यात त्याला कोणता प्रश्न विचारला जातो? "तुम्ही मूळचे कुठले?" नाव मागाहून, कामधंदा त्याच्याही मागाहून. जुन्या काळी आपल्याकडे ज्याचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क तो मिरासदार आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी, असा भेद दप्तरातच नोंदलेला असे. मिरासी गेल्या, दप्तरे बदलली. पण 'उपरा' हा शब्द आपल्या तोंडी राहिला तो राहिलाच.

आज मी आपणांस इंग्लंडमधील खेड्यांविषयी थोडे सांगणार आहे. तिथेही हाच प्रश्न विचारला जातो, आणि आपल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा विचारला जातो. कारण तिथल्या पुष्कळ खेड्यांत आज जुनी घराणी थोडी आणि बाहेरून आलेली माणसे फार, अशी स्थिती आहे. गावात राहायला येणे सोपे असते, पैसे मोजले की घर मिळते. गावचे होणे मात्र पैशाने साधत नाही. मग ते कशाने साधते? त्या लोकांनी यासाठी काही रीती बसवल्या आहेत. त्या आपण पाहू.

आधी तिथले खेडे डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी दगडी चर्च, भोवती शे-दोनशे घरे, एखादे सामाईक गवताचे मैदान, एक प्राथमिक शाळा, एक दुकान आणि एक पब. पब म्हणजे नुसता दारूचा गुत्ता समजू नका. गावातल्या गप्पा, सभा, पैजा आणि लग्नाच्या वाटाघाटीसुद्धा तिथेच चालत आल्या आहेत. सभोवती शेते आहेत. पण आपल्या खेड्याशी मोठा फरक असा, की गावात राहणाऱ्यांपैकी शेती करणारे फार थोडे. शेतीत यंत्रे आली तसे गडीमाणसांचे काम संपत गेले, आणि गडी ज्या लहान घरांत राहत, ती घरे शहरच्या लोकांनी घेतली.

ही अदलाबदल गेली साठ-सत्तर वर्षे चालू आहे. रे पाल नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी लंडनजवळच्या हर्टफर्डशर परगण्यातील खेड्यांचा अभ्यास करून १९६५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. रोज कामासाठी शहरात जाणारी आणि रात्री झोपायला खेड्यात येणारी मंडळी गावाचे रूप कसे पालटतात, ते त्यांनी दाखवले. त्यांच्यामागून निवृत्त जोडपी आली. २०२० च्या महामारीनंतर घरी बसून कचेरीचे काम करणारे आले. आणि २०२२ साली युद्धामुळे घरदार सोडावे लागलेली युक्रेनची कुटुंबे आली. सरकारने योजना काढली, आणि जे आपल्या घरी निदान सहा महिने अशा कुटुंबाला ठेवतील त्यांना आभारादाखल महिना साडेतीनशे पौंड देऊ केले. खेड्यांतील पुष्कळ घरांनी दार उघडले.

या येणाऱ्यांविषयी गावाच्या मनात दोन भावना असतात, आणि दोन्ही खऱ्या असतात. एक कृतज्ञतेची. नवी कुटुंबे आली नाहीत तर शाळेत मुले उरत नाहीत. खेड्यातील शाळा शक्यतो बंद करू नये असे तिथल्या शासनाचे धोरण आहे. पण पटावर मुलेच नसली तर धोरण काय करणार? शाळा गेली की तरुण आईबाप जातात, मग दुकान जाते, बस जाते. दुसरी भावना रागाची. शहरचा माणूस जादा किंमत मोजतो, त्यामुळे घरांचे भाव चढतात, आणि त्याच गावात जन्मलेल्या मुलाला लग्नानंतर गावात घर घेणे परवडत नाही. त्यातून काहींची घरे फक्त सुट्टीपुरती उघडतात. वर्षातले कितीतरी महिने खिडक्या अंधाऱ्या. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील सेंट आइव्ह्ज या छोट्या शहराने तर २०१६ साली सार्वमत घेऊन ठरवले, की इथे नवे घर बांधायचे ते कायम राहणाऱ्यासाठीच. तेव्हा नव्या माणसाला सामावून घेणे हा नुसत्या सौजन्याचा प्रश्न नाही. गाव जगणार की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

हा पेच तसा जुनाच. इंग्लंडमध्ये गावाच्या हद्दीला पॅरिश म्हणतात. मुळात पॅरिश म्हणजे एका चर्चच्या सांभाळाखालचा मुलूख. पूर्वी गोरगरिबांना पोसण्याची जबाबदारी त्या त्या पॅरिशवर असे आणि त्यासाठी गावकऱ्यांवर कर बसे. साहजिकच नवा माणूस आला की गावाला धडकी भरे: हा उद्या आजारी पडला तर आपल्याच गळ्यात! म्हणून १६६२ साली कायदा झाला. वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात कोणी येऊन राहिला, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ पॅरिशला परत धाडता येई. चाळीस दिवस बिनतक्रार गेले, की तो त्या गावचा. म्हणजे परका किती दिवसांनी गावकरी होतो, याचे उत्तर त्या काळी कायद्याने दिवसांत मोजून दिले होते! पुढे १७९५ साली हा जाच कमी झाला. माणूस खरोखर मदत मागायला येईपर्यंत, केवळ तो गरीब आहे म्हणून त्याला हुसकावता येईनासे झाले.

याच्या अगदी उलट प्रसंग १९३९ साली आला. दुसरे महायुद्ध सुरू होताच, बाँबहल्ल्याच्या भीतीने सरकारी योजनेखाली सुमारे पंधरा लाख मुले, लहान मुलांच्या आया आणि शिक्षक शहरांतून खेड्यांत हलवण्यात आले. गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात बोचके, अशी मुले अनोळखी घरी उतरली. गावाला कोणी विचारले नव्हते आणि मुलांनाही नाही. कुठे माया जडली ती जन्माची जडली. कुठे दोन्ही बाजूंनी दिवस मोजले. सुरुवातीला बाँब पडले नाहीत, म्हणून त्यांतली पुष्कळ मुले काही महिन्यांतच घरी परत गेली. सरकार माणसांना छप्पर देऊ शकते, गाव देऊ शकत नाही, हे त्या अनुभवावरून दिसले.

मग गाव कसे मिळते? याचा पहिला भाग अगदी साधा आहे: माहिती. जुन्या गावकऱ्याला जे श्वासासारखे सहज ठाऊक असते ते नव्याला कोणीतरी सांगावे लागते. म्हणून पुष्कळ इंग्रजी खेड्यांत नव्या बिऱ्हाडासाठी एक छोटी स्वागतपुस्तिका तयार करतात. डाक येते तशी ती दारात टाकून जायची नाही. कोणीतरी शेजारी ती हातात देतो, सोबत थोडी बिस्किटे किंवा परसातली भाजी देतो, आणि दहा मिनिटे बसतो. खरे स्वागत त्या दहा मिनिटांतच होते.

या पुस्तिकेत काय असते? कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायचा. डॉक्टरांचा दवाखाना शेजारच्या कोणत्या गावी आहे आणि तिथे नाव कसे नोंदवायचे. बस किती वाजता, आणि शेवटची कोणती. हे झाले वरवरचे. पण शहरातून आलेल्याला स्वप्नातही न सुचणाऱ्या गोष्टी आणखी असतात. अनेक खेड्यांत नळाचा गॅस नाही. घर उबदार ठेवायला तेल जाळावे लागते, आणि ते अंगणातल्या टाकीत साठवतात. तेलवाला सामान्यतः पाचशे लिटरच्या खाली टँकर पाठवत नाही. ऐन थंडीत टाकी कोरडी पडली की नवे बिऱ्हाड कुडकुडत बसते. म्हणून कित्येक गावांत सगळी घरे मिळून एकदम मागणी नोंदवतात. भाव उतरतो आणि टँकरची एकच फेरी होते. नव्या माणसाला या यादीत घेतले, की त्याचे पैसे वाचतात आणि गावाशी पहिला धागाही जुळतो.

तसेच सांडपाण्याचे. पुष्कळ घरांना मोठ्या गटाराची जोडणी नसते. प्रत्येकाची सेप्टिक टँक असते. ती वेळच्या वेळी उपसून घ्यावी लागते, तिचे पाणी थेट ओढ्यात सोडायला बंदी आहे, आणि काय वाटेल ते तीत टाकून चालत नाही. शहरात कळ दाबली की मैला कुठे जातो, हे कुणाला ठाऊक असते? खेड्यात ते ठाऊक असावे लागते. नाहीतर शेजाऱ्याला आधी वासाने कळते.

यानंतर शेतीच्या गोष्टी. ऑगस्टात कापणीचे दिवस आले की शेतकरी पावसाच्या आधी पीक काढायला मध्यरात्रीपर्यंत यंत्र चालवतो. शेतात खत पसरले की दोन दिवस दर्प येतो. ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर पडतो. पहाटे कोंबडा आरवतो आणि चर्चच्या घंटा वाजतात. शांततेच्या शोधात आलेल्या माणसाला हे सारे नवे असते, आणि त्यातूनच तक्रारअर्ज जातात. ज्या घंटा पिढ्यान्‌पिढ्या वाजत आल्या त्यांच्याविरुद्ध काल आलेल्याने अर्ज केला, की सारे गाव त्याच्याकडे पाठ फिरवते. पण तोच माणूस आधी भेटला असता, तर कोणीतरी त्याला म्हणाले असते, "अहो, मंगळवारी संध्याकाळी घंटांचा सराव असतो, तासाभरात आटोपतो. या की वर बघायला!" दोर ओढायला माणसे कमीच पडतात. तक्रार करणाराच दोर ओढू लागण्याचा संभव असतो.

पायवाटांचेही तसेच. इंग्लंड आणि वेल्स मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या घरात सार्वजनिक पायवाटा व पाणंदी आहेत. १९४९ च्या कायद्याने त्यांचे अधिकृत नकाशे करायला लावले. वाट खासगी शेतातून जाते, तरी चालण्याचा हक्क सर्वांचा. शेतकऱ्याला ती अडवता येत नाही. पण चालणाऱ्यावरही बंधने आहेत: फाटक जसे सापडले तसे ठेवायचे, आणि मेंढरांजवळ कुत्रा साखळीला बांधायचा. कोकरांच्या दिवसांत मोकळा कुत्रा कळपावर धावला तर काही परिस्थितीत शेतकऱ्याने त्याच्यावर गोळी झाडली तरी कायदा त्याच्या बाजूला उभा राहतो. हे आधी सांगितलेले बरे की नंतर?

माहिती झाली की दुसरी गोष्ट येते ती हक्काची. १८९४ साली इंग्लंडमध्ये पॅरिश कौन्सिलचा कायदा झाला आणि गावचा कारभार चर्चच्या हातून निवडलेल्या पंचांकडे आला. आज अशी सुमारे दहा हजार कौन्सिले आहेत. निदान पाच सभासद, बहुधा बिनवेतन, आणि लिहिण्या-वाचण्याला एक पगारी कारकून. दिवाबत्ती, बसचा निवारा, खेळाचे मैदान, दफनभूमी या त्यांच्या बाबी. नव्या बांधकामाविषयी गावाचे मतही ती वरच्या कौन्सिलला कळवते. आपल्या ग्रामसभेसारखीच तिथे मतदारांची वार्षिक पॅरिश सभा १ मार्च ते १ जून या काळात भरलीच पाहिजे असा नियम आहे. नवा रहिवासी मतदारयादीत आला, की त्या सभेत बोलण्याचा त्याचा हक्क शंभर वर्षे राहणाऱ्या घराण्याइतकाच. एक गोष्ट आपल्याला जवळची म्हणून सांगतो. कॉमनवेल्थ देशांचे जे नागरिक तिथे रीतसर राहतात त्यांनाही मताचा अधिकार आहे. म्हणजे आपल्याकडून जाऊन एखाद्या इंग्रजी खेड्यात स्थायिक झालेला डॉक्टर किंवा अभियंता भारताचा नागरिक असूनही त्या गावाच्या कारभारासाठी मत देऊ शकतो.

परंतु माहिती मिळाली, मतही मिळाले. तरी माणूस गावचा झाला असे नाही. एसेक्स परगण्यात एल्मडन नावाचे खेडे आहे. मानवशास्त्रज्ञ ऑड्री रिचर्ड्‌स तिथे राहत, आणि १९६२ पासून त्यांनी व केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला. त्या सामग्रीवर मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांचे पुस्तक १९८१ साली निघाले. त्यात दिसले असे, की मोजक्या काही घराण्यांनाच 'खरी एल्मडनची' मानले जाई. इतर कितीही वर्षे राहोत. तेव्हा चाळीस दिवसांचा कायदा गेला खरा, पण मनातला कायदा त्याहून कडक निघाला.

हा मनातला कायदा वितळतो तो एकाच गोष्टीने, आणि ती म्हणजे काम. नव्या माणसाला काहीतरी देऊन तो आपला होत नाही. त्याच्याकडून काहीतरी मागितले की होतो. ज्याच्यावाचून गावाचे थोडेसे तरी अडते, त्याला कोणी परका म्हणत नाही.

म्हणून तिथल्या जाणत्या गावांत नव्या बिऱ्हाडाला विचारतात, "तुम्हाला काय येते?" आणि कामे काही थोडी नसतात. बहुतेक खेड्यांत गावकऱ्यांनी चालवलेले एक सभागृह असते. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ अशी कितीतरी सभागृहे उभी राहिली. तिथे लहान मुलांचा खेळवर्ग, म्हाताऱ्यांचे दुपारचे जेवण, नाटक आणि निवडणुकीचे मतदान, सारे होते. आणि खुर्च्या लावायला, हिशेब ठेवायला, छपराची गळती पाहायला माणसे हवीच असतात. कॅनडात १८९७ साली निघालेली आणि १९१५ साली वेल्समधून ब्रिटनमध्ये रुजलेली विमेन्स इन्स्टिट्यूट ही खेड्यातील स्त्रियांची संस्था आजही भरभराटीत आहे. नव्या बाईला पहिल्या सभेला एकटीने जावे लागू नये म्हणून कोणीतरी तिला घरून बरोबर नेते. ही गोष्ट लहान दिसते, पण अनोळखी दालनाचे दार एकटीने ढकलणे किती जड असते, ते ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक.

काही गावांत 'चांगला शेजारी' अशी योजना असते. ज्यांच्याकडे मोटार आहे ते ज्यांच्याकडे नाही अशा वृद्धांना दवाखान्यात नेऊन आणतात. काही गावांत शेवटचे दुकान बंद पडायला आले तेव्हा लोकांनी भाग घेऊन ते सहकारी तत्त्वावर विकत घेतले. एका सभासदाला एकच मत. ही चळवळ वाढवणारी संस्था आयर्लंडचे सहकारमहर्षी होरेस प्लंकेट यांनी १९१९ साली काढली, आणि आज अशी दुकाने चारशेच्या घरात आहेत. त्यांत पगारी व्यवस्थापक एखादा. बाकी काम गावकरी आळीपाळीने करतात. नवा माणूस आठवड्यातून दोन तास गल्ल्यामागे उभा राहिला, की तीन महिन्यांत त्याला सारे गाव नावानिशी ओळखते, आणि कुणाच्या गुडघ्याला काय झाले आहे, हेही त्याला कळते. शिवाय भाजीचे वाफे असतात. पॅरिशच्या मालकीच्या जमिनीचा तुकडा, साधारण अडीच गुंठ्यांचा, माफक भाड्याने मिळतो. १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. शेजारच्या वाफ्यातल्या म्हाताऱ्याला "तुमचे कांदे एवढे मोठे कसे?" असे विचारले, की ओळखीला दुसरे निमित्त लागत नाही.

इथे दोन्ही बाजूंना एकेक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. नव्या माणसाने आल्या आल्या सुधारणेचा झेंडा उभारू नये. शहरात कारभार केलेला माणूस पहिल्याच वर्षी सभागृहाची घटना बदलायला निघाला, की लोक त्याला आदराने ऐकतात आणि दुसऱ्या सभेला येत नाहीत. आधी खुर्च्या लावाव्यात, मग खुर्चीवर बसावे. जुन्या गावकऱ्यांनीही एक फसवी युक्ती टाळावी. रोनाल्ड फ्रँकनबर्ग यांनी १९५७ साली वेल्समधील एका सरहद्दीवरच्या गावाविषयी लिहिताना ती टिपली आहे: गावातली भांडणे अंगावर येऊ नयेत म्हणून लोक बाहेरच्या माणसाला पुढे करीत, आणि बिनसले की दोष त्याच्या माथी मारीत. याला सामावून घेणे म्हणत नाहीत. हे त्याला ढालीसारखे वापरणे झाले.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या खेड्यांतही परके येतात. बदलीवर आलेले शिक्षक येतात, ग्रामसेवक येतात, दवाखान्यातल्या परिचारिका येतात. शिक्षक मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांनी हा अनुभव एकदा नव्हे, चारदा घेतला असेल. तेव्हा आपल्याला ही पुस्तिकेची कल्पना सहज पटेल, आणि तिला खर्चही फारसा नाही. सातवीच्या मुलांना सांगा: आपल्या गावात उद्या एक कुटुंब येणार आहे, त्याला काय काय सांगावे लागेल? नळाला पाणी किती वाजता येते, एस. टी. थांबते कुठे, बाजार कोणत्या वारी, रेशनचे दुकान कधी उघडते, कोणत्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे आणि कोणत्या ओढ्याला पावसाळ्यात अचानक लोंढा येतो, जत्रा कधी, ग्रामसभा कधी. मुले घरी विचारतील, भांडतील, तपासतील, लिहितील. भूगोल, नागरिकशास्त्र आणि निबंध हे तिन्ही तास त्यात वसूल होतील, आणि गावाच्या हाती एक उपयोगी कागद येईल.

तो कागद तयार झाला, की तो कुणाकुणाला द्यायचा, हेही मुलांनाच ठरवू द्या. शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या घरी ती आनंदाने जातील. पण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या शिवारात काही कुटुंबे येतात, कोप्या घालतात, पाच-सहा महिने ऊस तोडतात आणि निघून जातात. त्यांच्या मुलांना शाळा कुठे आहे, पाणी कुठून भरायचे, रात्री ताप चढला तर कुणाचे दार ठोठवायचे, हे कोण सांगते? मुलांनी तो कागद घेऊन कोप्यांकडे जायचे ठरवले, तर त्यांना अडवू नका. बरोबर जा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.